माया

क्लार्क्सव्हिलला छावणीच्या गेटसमोर
ओकसुनबाईंचं अल्टरेशनचं दुकान आहे.
एका बाजूला गहाणवाला, दुसऱ्या बाजूला टॅटू काढणारा,
मध्ये आम्ही दोघी, तीन मशिनी
आणि रविवारीही न थांबणारी हेलिकॉप्टरं.
ती डोक्यावरून गेली की डब्यातल्या बॉबिना थरथरतात.
मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली.
आवाजाचं मला काही वाटत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं:
डाव्या खांद्यावर, तो आत्ता ज्या पलटणीत आहे तिचं चिन्ह.
उजव्या खांद्यावर, जिच्याबरोबर लढून आला तिचं.
उजवा खांदा कोरा असेल तर विचारायचं नाही.
भरलेला असेल तर मुळीच नाही.
शिलाई चार डॉलर.
जिंकून आला, हरून आला,
दर तोच.

मी एकदा विचारलंच, तुमच्याकडच्या लढाईत कोण जिंकलं हो?
त्यांनी दाताने दोरा तोडला.
म्हणाल्या, संपलीय कुठे? थांबलीय नुसती.
थोरला भाऊ बैल आणायला ओढ्यापलीकडे गेला होता,
मग तिथूनच रेघ गेली.
सत्तर वर्षं झाली. बैलाचं नाव त्यांना अजून आठवतं.

त्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर दिवसभर एकच विमानतळ,
विमानामागे धावणारी माणसं.
दुकानात सार्जंट किम्ब्रो उभा होता, पँट आवळायला आलेला.
तीनदा जाऊन आला. मापं माझ्या वहीत आहेत:
पहिल्यांदा जाताना कंबर छत्तीस,
आल्यावर तेहतीस.
दुसऱ्यांदा आल्यावर, तेहतीसच.
तिसऱ्यांदा एकतीस, आणि डाव्या पायाचं माप
तो म्हणाला, उजव्यावरूनच घे.

मी गुडघ्यांवर बसलेली, तोंडात टाचण्या.
हललास तर टोचेल, म्हटलं.
तो पडद्याकडे बघत राहिला, हलला नाही.
डावीकडची टाचणी कापडातून आत गेली
आणि कशावर तरी टक्क करून वाकली.
तरी नाही हलला.

दुसऱ्या दिवशी पेपरात कुणी लिहिलं, हरलो.
कुणी लिहिलं, हरलो कसले, निघून आलो.
गहाणवाल्याकडे त्या आठवड्यात
सात पदकं आली. त्याने काचेत लावली नाहीत,
एवढं मात्र त्याचं मानते मी.

ऑक्टोबरात किम्ब्रोची बहीण आली, लव्हर्न,
हँगरवर त्याचा समारंभाचा निळा कोट घेऊन.
गॅरेजमध्ये, एवढंच म्हणाली.
मग म्हणाली, त्या लोकांनी सांगितलंय
पाठीत उभा उसवून ठेवा, घालायला सोपं जातं.
पुढून सगळं जिथल्या तिथे दिसायला हवं.

आमच्याकडे शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात
त्याला माया म्हणतात.
पोर वाढेल, अंग भरेल,
म्हणून आत दुमडून ठेवायची, बाहेर दिसू द्यायची नाही.
ओकसुनबाईंना हा शब्द सांगितला होता मी.
त्यांना तो लगेच म्हणता आला.

पाठ उसवली तर आत दीड इंच निघाली.
माझाच टाका. तेहतीसच्या वेळचा.
तेव्हा वाटलं होतं, घरचं खाईल, भरेल पुन्हा.

कापून टाक, ओकसुनबाई म्हणाल्या, आता काय करायचीय.
कात्री घेतली हातात.
मग ठेवली.
तशीच आत दुमडून, वरून कच्चा धावदोरा घातला,
कुणी बघणार नव्हतं.

तेवढ्यात दाराची घंटी. एकोणिसाचं पोरगं,
कानामागे वस्तऱ्याचा ताजा काप, उजवा खांदा कोरा.
शर्ट अंगासरशी बसवून हवाय म्हणे,
शुक्रवारच्या आत.

ओकसुनबाईंनी गळ्यातली टेप काढली
आणि त्याच्या छातीभोवती धरली.
मी वही उघडून बसले, आकडा सांगण्याची वाट बघत.
बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत.
टेप त्यांनी सैल धरली होती.