गाठ कुठं जाते

रात्री एकनंतर आमचं काम.
दिवसपाळीची बस कॅम्पकडे वळली की
याकूब सोलकर पिवळी दोरी बांधत फिरतो,
खांब, शिडी, व्हॉल्व्हचं चाक, पुन्हा खांब,
आणि मी मीटर धरून त्याच्या मागे.
दोरीच्या आत माणूस नको. मांजरही नको.
रुवैसच्या मांजरांना पाट्या वाचता येत नाहीत,
अरबी नाहीत, इंग्रजी नाहीत.
याकूबलाही नाहीत, पण तो स्वतःच पाटी आहे.

मग मी लांब मागे जाऊन हँडल फिरवतो
आणि जड पेटीतला इरिडियमचा दाणा
नळीतून सरकत पाइपच्या जोडाशी पोचतो.
मसुराएवढा असेल. मी तो कधी पाहिलेला नाही.
अकरा वर्षं त्याच्यावर पोट आहे.

याकूब हर्णैचा. बाप जाळी विणायचा, आजाही.
त्याचं म्हणणं असं, की
जगात कण वगैरे काही नाही, गाठी आहेत.
एकच दोरा सगळीकडे ताणलेला.
कुठं साधी गाठ बसली, ती हवा.
कुठं गुंता झाला, ते लोखंड.
"तुमचा दाना म्हंजे सुटत आलेली गाठ.
सुटताना दोरा थरथरतो,
तेच तुमच्या मीटरात टकटकतं."

मी डिप्लोमावाला.
प्रोटॉन, क्वार्क, पाठ होतं तेवढं सगळं सांगितलं.
चौऱ्याहत्तर दिवसांत इरिडियम निम्मं होतं,
जातं त्याचं बहुतेक प्लॅटिनम होतं, हेही.
"मंग? एक गाठ सुटली, दुसरी बसली.
माझं काय चुकलं, सांगा."

पहाटे चारला दोरी गुंडाळताना
शेवटच्या खांबावरची गाठ त्यानं माझ्यापुढं धरली,
एक टोक ओढलं.
दोरी सरळ.
"गाठ कुठं गेली?"
मी दोरीकडे पाहिलं.
जमिनीकडेही पाहिलं, खरंच पाहिलं.

उत्तर सुचायला आठवडा लागला,
आणि सुचला तोही प्रश्नच.
मेसमध्ये तो डाळ वाढून घेत होता.
विचारलं, याकूबभाई, पण दोरा कशाचा?
पळी हवेतच राहिली.
मागचा नेपाळी पोरगा म्हणाला, चाचा, चलो.

तीन रात्री तो मुकाट्यानं दोरी बांधत होता.
मला वाटलं, जिंकलो.
जिंकल्यावर जेवण जात नाही
हे डिप्लोमात नव्हतं.

चौथ्या रात्री वारा समुद्राकडून,
दमट, अंगाला चिकटणारा,
फ्लेअरची ज्योत पार आडवी.
हेल्मेट काढून कपाळ पुसत तो म्हणाला,
"दोरा कशाचाच नाय. नुसती ओढ हाय.
हिकडून तिकडं ओढ. मधी काय नाय."
आणि लगेच,
"लाल दिव्याची बॅटरी बदलली का?"

ओढ हा शब्द त्यानं ताण याच अर्थी वापरला,
एवढं मी जाणतो.
हर्णै, बायको, दोन वर्षांनी मिळणारी रजा,
यातलं तो काही बोलला नाही.
मीच ते मनात इकडून तिकडं नेलं
आणि बॅटरी बदलायला गेलो.

डार्करूममध्ये फिल्म धुतली.
लोखंड फिकट उमटतं, पोकळी काळी.
सतरा नंबरच्या जोडात मोहरीएवढा काळा ठिपका.
तिथं लोखंड नाही. तिथं काहीच नाही.
नियमाप्रमाणे लिहिलं: नामंजूर, पुन्हा जोडावा.
सही केली, तारीख टाकली.

मग फिल्म उजेडासमोर धरून
बराच वेळ पाहत राहिलो
ठिपक्याकडे नाही,
त्याच्या भोवतीच्या त्या सगळ्या फिकट भागाकडे
जो मी मंजूर केला होता.