बोलावणं

फाल्गुन सरत आलेला. पहाटे साडेपाचला
उंड्रीच्या अकराव्या मजल्यावर
बाल्कनीचं काचेचं दार सरकवलं
आणि खालच्या रिकाम्या प्लॉटमधून तितर बोलला.
किटीतर, किटीतर, किटीतर.
थांबला. पुन्हा तीनदा.
पत्र्याच्या कुंपणाआत कुसळी गवत उरलंय थोडं,
एक बाभूळ, दोन हिवर, खडीचा ढीग.
तेवढंच त्याचं रान.

माझी जीभ आपोआप टाळूला लागली.
चाळीस वर्षं झाली, तरी.

वडिलांकडे लायसनची बारा बोअर होती
आणि नेम नव्हता.
म्हणून पाखरू पंधरा पावलांवर आणून द्यायला
सुरमल पवार लागायचा.
फुरसुंगीहून आम्ही अंधारात निघायचो वडकीच्या माळाकडे,
पुढे तो, खांद्यावर फडक्यानं झाकलेला पिंजरा,
मागे वडील, त्यांच्या मागे मी,
खिशात भाजलेले हरभरे, न वाजवता खायचे.

पिंजऱ्यातल्या तितराचं नाव हवालदार.
असं का रे, मी विचारलं.
ह्यो बी बोलवून धरतोय, सुरमल म्हणाला,
नुसता पगार न्हाई त्याला.
वडील हसले. सुरमल हसला नाही.

फडकं काढलं की हवालदार बोलायचा.
तो गप्प राहिला तर सुरमल स्वतः,
दोन बोटं ओठांवर, मान थोडी वाकडी.
मला वाटायचं, मादीच्या ओढीनं येतात हे,
चैत्र आहे, पळस पेटलाय, येणारच.
न्हाई रं पोरा, तंट्यानं येतो त्यो.
त्येच्या रानात दुसरं कोन बोलतंय,
ह्येच त्येला सोसत न्हाई.

आणि खरंच, गवतातून
छाती पुढे काढून, पंख जरा सैल सोडून,
भांडायलाच निघालेला असायचा.
बोलावलंस की हलायचं न्हाई, सुरमल कानात सांगायचा,
डोळ्याची पापनी बी न्हाई.
फुडचं काम बंदुकीचं.

एका चैत्रात त्यालाच बोलावणं आलं.
कुणाची तरी पंपाची मोटर गेली होती लोणीत,
आणि चौकीला ठरलेली नावं पाठ होती.
पिंजरा आमच्या ओट्यावर ठेवून म्हणाला,
दोन दिसांत येतो, दाना घाला.
वडील चौकीत गेले नाहीत.
ओळख होती त्यांची तिथं; तरी गेले नाहीत.

हवालदार दोन महिने रोज पहाटे बोलत राहिला.
समोर उसाचा फड, पलीकडे ट्रकचा रस्ता,
भांडायला कुणी आलं नाही.
मिरगानंतर त्यानं ज्वारी सोडली.
पिंजरा आईनं कोथिंबिरीवर पालथा घातला,
कोंबड्या उकरायच्या म्हणून.
सुरमलचं आमच्या घरात
कुणी नाव काढलं नाही. मीही नाही.

आता दोन बोटं ओठांवर.
पहिली शीळ फुसकी निघाली, नुसती हवा.
दुसरी लागली.

खाली शांतता.
मग हिवराखालून तो बाहेर आला,
तुरुतुरु, थांबत, पुन्हा तुरुतुरु,
खडीच्या ढिगावर चढला आणि
आख्ख्या बिल्डिंगला ठणकावून सांगितलं,
किटीतर, किटीतर.
गेटवरच्या वॉचमननं मान वर केली:
साहेब, मोबाइल वाजतोय तुमचा!

तो अजून शोधतोय
कोण बोललं ते.
त्याच्या मागे बोर्ड आहे, चोवीस मजल्यांचा,
झाडं रंगवलेली, पोहायचा तलाव निळा.
वाळत घातलेल्या चादरीआड
मी उकिडवा बसलोय, गुडघा दुखतोय,
हललेलो नाही.

आलेल्याशी काय बोलायचं
हे सुरमलनं शिकवलं नव्हतं.
पुढचं काम बंदुकीचं होतं.