डावी टाच

हॅलिफॅक्सला आलो त्या वर्षी
चाळीस बुटांवर लिहिलं मी,
एकही पायात न घालता.
‘सर्वोत्तम’, ‘जलरोधक’,
शंभर शब्दांत तीनदा पेरायचे
आणि पहाटे उठून बघायचं, कितवे आलो?
तिसरे. मग एकदा दुसरेसुद्धा.
बायकोला हलवून सांगितलं.
तिनं कूस बदलली.

मार्चमधल्या एका मंगळवारी
कुठंतरी कुणीतरी नियम बदलला
आणि मी चौऱ्याऐंशीवा.
त्या महिन्याचं कमिशन: एक पौंड दहा पेन्स.

घरातलेच पैसे काढून
माझ्याच यादीतला पहिला जोड मागवला.
माळावर गेलो, मेंढ्यांच्या वाटेनं,
काळ्या चिखलात नऊ मैल.

रात्री रेडिएटरवर मोजे टाकून लिहिलं:
डाव्या टाचेत पाणी शिरतं.
घेऊ नका.

कुणी घेतले नाहीत.
दमडी आली नाही.

अकरा दिवसांनी टॉडमॉर्डनहून
मॉरीन ॲक्रॉइड नावाच्या बाईंची मेल,
एकोणीस वर्षं टपाल वाटतायत:
माझीही डावीच भिजते हो.
मग कोणते घेऊ?

बोटं सवयीनं ‘सर्वोत्तम’कडे गेली.
पुसलं.
थांबा, म्हटलं,
आधी घालून बघतो.