नोंद क्रमांक ११२

भद्रकालीच्या उतारावर, आंबेगावकरांच्या हवेलीत
आता तिकीट वीस रुपये, विद्यार्थ्यांना दहा.
माजघरात लाकडी गरुड, कोठीत तंजावरची चित्रं,
आणि बाळंतिणीच्या खोलीत, जिथे ऊन तिरपंच येतं,
पितळेचे, तांब्याचे, पंचधातूचे देव
काचेमागे, उंचीप्रमाणे.

माझं काम नोंदवहीचं.
पांढरे सुती हातमोजे घालायचे, देव उचलायचा,
वजन करायचं, पट्टी लावायची.
क्रमांक ११२. बाळकृष्ण, रांगता. पितळ.
उंची साडेसात सेंटिमीटर.
लोण्याचा गोळा : आहे.
नाक : नाही.
'नुकसान' या रकान्यात मी लिहिलं,
चेहरा झिजलेला. कारण अज्ञात.
तेच मग पाटीवर छापून आलं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी
मालिनीबाई आंबेगावकर आल्या, रांगेत राहून तिकीट काढून.
पगारे म्हणाला, बाई, तुम्हाला कसलं तिकीट!
तर म्हणाल्या, असू दे,
इथे नुसती राबलेच, बघायचं राहून गेलं.
चपला दाराशी काढल्या.
राहू द्या पायात, फरशी गार आहे, पगारे म्हणाला.
त्यांनी ऐकलं नाही.

११२ समोर बराच वेळ.
पाटी वाचली, काचेवरून बोटाने ओळ धरून,
आणि एकदम हसल्या.

"अज्ञात कसलं? मी.
लग्न होऊन आले तेव्हा नाक होतं याला, चांगलं धारदार.
एकतीस वर्षं. चिंच, राख, नंतर नंतर पावडर.
रोज सकाळी अंगठ्याने असं..."
आणि अंगठा फिरला हवेतच,
लहान, गोल, सवयीचा.
"भुवया मात्र सासूबाईंनी नेल्या. माझ्या आधीच.
दंड वगैरे असतो का हो याला?"

मग आवाज उतरवून,
"घासताना याच्याशी बोलायचे.
दुसरं कोण होतं त्या घरात ऐकायला.
कान शाबूत आहेत ना?"

आहेत, मी म्हटलं.

काच उघडा, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मीही किल्ली काढली नाही.
नियम आहे. पण किल्ली खिशातच होती,
हे अजून आठवतं.

निघताना वाकून म्हणाल्या,
"उजव्या कानामागे गंध राहिलंय बघा.
रोज राहायचं. घाई असायची, तिकडे दूध उतू जायचं."
'येते' म्हणाल्या, मला की त्याला कळलं नाही,
आणि भांडीबाजारातून गंगेकडे उतरल्या.
तांबट आळीत कुणीतरी हंडा ठोकत होतं,
थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं.

मंगळवारी पुण्याहून सफाईवाले येणार होते
मऊ ब्रश, कापूस, कसलंसं रसायन घेऊन.
यादीत ११२ होता.

मी नोंदवही उघडली.
'अज्ञात' खोडलं. त्याजागी दोन सासू-सुना
रकान्यात मावेनात, म्हणून समासात गेले.
आणि खाली :
उजव्या कानामागे गंध. काढू नये.

मोजा घालून पेन नीट धरता येत नाही.
काढला.