ड्रमाचा भाव

घाटंजी रोडच्या पंपावर
भावाचा फळा पूर्वी मी बदलायचो.
पत्र्याचे इंग्रजी आकडे, खिळ्याला अडकवलेले.
नऊ दोनच होते. तिसरा लागला
की सहा उलटा टांगायचा.
कोणी ओळखलं नाही कधी.

आता सकाळी सहाला मशीन स्वतःच बदलते.
मी नोझल धरतो, म्हणतो, "झिरो पाहून घ्या."
नागोसे मॅनेजर पेपर वाचून दाखवतात :
कुठल्याशा थंड शहरात, जिथे तेलाची विहीर एकही नाही,
तेलवाले देश बसले टेबलाभोवती.
ठरलं, कमी उपसायचं. रोज इतके लाख पिंपं कमी.
फोटोत पांढरे झगे, काळे कोट, हातात हात.
"आन् त्यातला एक चोरून इकतेच," नागोसे म्हणतात
आणि पान उलटतात.

मला समजायला वेळ लागला नाही.
आमच्या पिंपळधऱ्यात पाच बोअर, पाच मालक.
बोंदरे, हाजी मुनाफ, दोघे ढोके
(सख्खे भाऊ, बोलत नाहीत)
आणि सरपंचाचा साळा.
होळी झाली की पारावर बसतात.
तीस रुपये ड्रम. मोटर दोनच तास.
"पानी लय खोल गेलं न बाप्पा," बोंदरे म्हणतो.
त्याचंच सगळ्यांत वर आहे, आणि सगळ्यांत जास्त.
भाव तो बोलतो,
बाकीचे चहाच्या कपात बघतात.

पंधरा दिवस टिकतं.
मग धाकट्या ढोकेच्या पोरीची नर्सिंगची फी येते
आणि रात्री दीडला
पोती पांघरलेली एक मोटर घुरघुरते.
अनसूया पैंजण काढून जाते,
आमचा ऑइलचा जुना ड्रम
बावीस रुपयांत भरून आणते.
सकाळी चौघं विचारतात, "राती कोनाची चालू होती?"
"मले का मालूम?" म्हणतं अख्खं गाव,
ओल्या पायांनी.

यंदा बोंदरे चिडला.
त्यानं दिवसरात्र सोडलं.
पंधरा. दहा. सात.
चार दिवस गावानं गोधड्या धुतल्या,
म्हशींना दोनदा आंघोळ, नालीला पूर,
पोरं हसत होती, आम्हीही हसलो.
धाकट्या ढोकेची मोटर बंद पडली.
पाचव्या दिवशी तो पारावर येऊन बसला,
थोरल्याच्या शेजारी.
सहाव्या दिवशी पाचही बोअरवर
पंचेचाळीस.

त्याच आठवड्यात नागोसेंनी वाचलं,
तिकडेही कोणी कोणावर चिडलंय,
तेल पाण्यासारखं झालंय, पडलंय.
मी मशीनकडे पाहिलं.
सहा वाजले, सव्वासहा.
आकडा जिथल्या तिथे.
"वर जायले लिफ्ट हाये," नागोसे म्हणाले,
"खाली यायले जिना बी नाही."

काल बोंदरे पंपावर आला, बुलेटची टाकी फुल केली.
"तुमचे ते पत्र्याचे आकडे पडून असतीन न कुठी?
बोअरवर टांगतो. रोज रोज सांगा लागते लोकायले."
मी गोदामातून काढून दिले, धूळ झटकून,
शून्यापासून नऊपर्यंत.

उलटा होणारा सहा तेवढा
डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला.