भोकांची ओळख

जाळं कशानं फाटलं, ते मला भोकावरून कळतं.
कुर्लीचा डेंगा धागा चावतो, ओढत नाही.
एखादाच आस तुटतो, कडा स्वच्छ.
दगडाला अडकलेलं जाळं उसवतं
म्हाताऱ्याच्या जांभईसारखं, लांबलचक.
इंजिनाचा पंखा लागला असेल तर
ते जाळं उरतच नाही, नुसत्या शेवया.

उदाचं भोक वेगळं.
गुंजली जिथं अडकली होती
बरोबर तिथं, वाटीएवढं.
डोकं जाळ्यात ठेवून धड नेलेलं,
बाजारात भाव करून नेल्यासारखं.

देवलीच्या धक्क्यामागे माझी पडवी.
बत्तीस वर्षं भोकं बुजवतोय,
भोकं बुजवून दोन मुलींची लग्नं केली.
त्यातलं एक तरी उदांनी लावून दिलं,
हे मी धक्क्यावर कधी बोललो नाही.
धक्क्यावर उदाला शिव्या घालायच्या असतात.
मीही घालतो. गिऱ्हाईक देव असतं.

वामन मालंडकर अर्ज घेऊन कुडाळला गेला होता.
टेबलामागच्या मुलीनं रकाने वाचले:
गवा, रानडुक्कर, वानर, बिबट्या, हत्ती.
"ह्येच्यात ऊद खंय आसा?" वामन म्हणाला.
मुलीनं जरा खिडकीबाहेर पाहिलं,
मग तळाशी, 'इतर'च्या पुढे,
स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ऊद.
दोन वर्षं झाली.
त्या अक्षराचं पुढे काय झालं, कोणाला माहीत नाही.

यंदा माघात वामननं जाळं आणून टाकलं.
किती घेशील, कधी देशील,
काही नाही. वळला आणि गेला.
मी पसरलं.
भोक नव्हतं.
गाठी होत्या, एकीत एक, पिळून पिळून,
जणू आत कोणी विणायला बसलं होतं
उलट्या हातानं, घाईत.
आणि तळाच्या शिशाजवळ केस,
तपकिरी, तोकडे,
वरून ओले, मुळाशी कोरडे.

पिल्लू होतं.
हे त्यानं जाळं न्यायला आला तेव्हा सांगितलं नाही.
आठ दिवसांनी, सलूनच्या खुर्चीत, अर्ध्या दाढीवर:
"हात आसत रे तेका. बोटां मोजलंय मिया. पाच."
न्हाव्यानं वस्तरा थांबवला होता.

त्या गाठी सोडवायला तीन दिवस गेले.
मजुरी मी सांगितली नाही, त्यानं विचारली नाही.
केस तिवराच्या मुळांत सोडले,
ओहोटी बघून.
भरतीला परत आले असते.

आता वामन रात्री जाळं सोडत नाही.
पहाटे लावतो आणि उन्हं येईस्तोवर
होडीतच बसून राहतो,
विडी, थंडी आणि शिव्या.
मासळी निम्मी. बायको मोजते आणि ऐकवते:
"उदांका घरजावय केल्यात तुमी."
"खाडी खंय माझ्या नावावर आसा? सातबारो दाखव."
हे त्याला कोणी शिकवलं नाही.
जेटीवर एक पाटी लागली होती खरी,
पण तिच्यावरचा ऊद मुंगसासारखा दिसायचा,
आणि ती पावसात गेली.

माझं काम कमी झालं.
खोटं कशाला बोलू, महिनाअखेर बोचतं.

परवा कलत्या उन्हात रेतीच्या बेटाकडे गेलो.
तिघं होते. दोन मोठे, एक मधलं.
शेतकं फाडून खात होते, तोंडानं
कुरुम कुरुम, पापड खाल्ल्यागत.
एकानं मान उंच केली.
माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं,
आणि बारीक शीळ घातली.
हातात बांबूची सुई होती, सवयीनं आलेली.
मी ती पाठीमागे लपवली.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

ते पाण्यात उतरल्यावर खडकाशी गेलो.
खवले, काटे, आणि तो वास.
घरी आलो तर बायको उंबऱ्यावरूनच म्हणाली,
"मासळेचो वास येता. मासळी खंय?"
"ज्येंची तेंणी खाल्ली," म्हटलं,
आणि पाय धुवायला मागीलदारी गेलो.