वेल परतणं

खानापूर मागे पडलं की मातीबरोबर डांबरही लाल होत जातं.
मागच्या सीटवर ब्रिगिटेबाई, डेन्मार्कच्या.
बारा वर्षं पैसे पाठवले,
जागा आज पहिल्यांदा बघणार.
मी पुढे, ड्रायव्हरशेजारी.
माझं काम बोलण्याचं नाही, पोचवण्याचं.
दिवसाला दोन हजार, जेवण त्यांच्याकडे.

फाटकावरची पाटी कन्नडात, खाली इंग्रजी.
"मराठी पण होती," आग्नेल मास्तर म्हणाले,
"रंग उडाला. द्यायचाय. बघू की."
त्यावर आम्ही दोघंही फार बोललो नाही.

सोळा एकर. अर्ध्यात काजू, उरलेल्यात रताळं.
लोंढ्याच्या फलाटावर सापडलेली माणसं इथे येतात,
गाडीतून उतरलेली, उतरवलेली,
कुणाकडे तिकीट नाही, कुणाकडे नाव.
आठला गोळ्या, नवाला आंबील, मग कुदळ.
मास्तर हे पाठ म्हणतात,
मी तेच इंग्रजीत पाठ म्हणते.

"घरी किती गेले?"
एकशे चौदा.
"आणि गेल्यावर?"
मास्तर चष्मा पुसायला लागले.
त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

पलीकडे सरीवर भान्या.
भानुवारी सापडला, म्हणून गंगव्वानं ठेवलेलं नाव.
नऊ वर्षं झाली, त्याची बोली कुणाला लागत नाही.
ओडिया माणूस आणून बघितला, बंगाली बघितला,
कॅम्पातला एक मिझो सुभेदार तासभर बसला समोर,
चहा पिऊन गेला.
भान्या वाकतो, वेल उचलतो,
उलटा टाकतो, पुढे सरकतो.

बाई हरखल्या.
म्हणाल्या, तुकडा खोवला तरी हा कुठेही मूळ धरतो ना?
वही उघडली. पुढे काय लिहिणार
ते मला इथूनच वाचता येत होतं.
गंगव्वा हसली.
"सांग तिला. जागोजागी मूळ धरलं
तर खाली काय पोसत नाही. नुसता पाला.
म्हणून तर उपटून परतायचं,
पंधरा दिवसाला एकदा."
मी सांगितलं.
पेन थांबलं.

मग, "त्याला विचारा, इथे बरं वाटतं का?"
मी विचारलं मराठीत, मास्तरांनी कोकणीत,
गंगव्वानं कन्नडात, हातवाऱ्यांसकट.
तो उभा राहिला. हात पँटीला पुसले.
एक शब्द म्हणाला.
दोन अक्षरी, शेवट नाकात.
मग तोच पुन्हा, जरा मोठ्यानं,
बहिऱ्याला सांगतात तसा.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
पैसे मलाच मिळणार होते.
"हो म्हणतोय," मी म्हणाले.

जेवणात उकडलेली रताळी, मीठ, वर ताक.
बाईंनी सालीसकट खाल्ली.
आजोबांकडे बीट काढायला पोलंडचे मजूर यायचे,
एक तिथेच राहिला, तिथेच पुरला,
दगडावर त्याचं नाव चुकीचं कोरलंय.
"हे मास्तरांना नका सांगू."
नाही सांगितलं.

निघताना पावतीवर लिहिलं: भाषांतर, एक दिवस.
एक शब्द वजा करायला हवा होता.

देसूरचं फाटक बंद.
बाई झोपलेल्या, मांडीवर पिशवीभर रताळी.
मालगाडी संपतच नव्हती.
डब्यांच्या आवाजात मी तो शब्द म्हणून बघितला,
नाकात सोडला शेवट.
"काय म्हणालात, मॅडम?" मल्लेशनं विचारलं.
मी पुन्हा म्हणाले,
जरा मोठ्यानं.